अडतीस रिकाम्या खुर्च्या

हार्लन स्ट्रीट, ब्रॅडवेल
९ एप्रिल २०१९

कॉर्लिस,

फोनवर माझं नाव दिसलं की तू उचलत नाहीस, म्हणून हा कागद. कागदावर तुझं प्रेम आहे हे अख्ख्या ब्रॅडवेलला ठाऊक आहे. एकशे बारा पानांचा अर्ज लिहून तू वॉशिंग्टनहून अनुदान खेचून आणलंस, तेव्हा थोरल्या बहिणीची दोन पानं वाचायला तुला जड जाऊ नये.

मी बरी आहे. गुडघा बरा नाही. रोज सकाळी सव्वासातला पिवळं जाकीट चढवून शाळेच्या कोपऱ्यावर उभी राहते, हातात ‘थांबा’ची लाल पाटी घेऊन पोरांना रस्ता ओलांडून देते. ज्या शाळेच्या स्वयंपाकघरात मी चोवीस वर्षं पोरांना वाढलं, तिची तू मॅग्नेट शाळा केलीस. स्वयंपाकघर बंद करून जेवणाचे डबे कंत्राटदाराच्या गाडीतून आणवलेस आणि मला रस्त्यावर आणलंस. अक्षरशः.

आता तिला हार्लन स्ट्रीट शाळा म्हणायचं नाही म्हणे. ‘नदीविज्ञान आणि कला अकादमी’ म्हणायचं. दारात दोन मजली उंच काचेची टाकी बसवली आहे, तिच्यात नदीतले मासे फिरतात. उपनगरातल्या गोऱ्या घरांनी हे मासे बघून भुलावं आणि आपली मुलं आमच्या वस्तीत पाठवावी, म्हणजे काळी-गोरी पोरं एका बाकावर बसतील, असा तुझा बेत. मॅग्नेट म्हणजे लोहचुंबक. चुंबक जवळचं लोखंड आधी ओढतं असं आपल्याला याच शाळेत शिकवलं होतं. तुला बहुतेक त्या दिवशी ताप असावा.

तुला आठवत असेल तर झनाया नावाची एक मुलगी आहे. माझ्या लॉरेटाची. तू शेवटची पाहिलीस तेव्हा आठ वर्षांची होती, आता अकरा पुरी झाली. लॉरेटा ट्रक चालवते, महिन्यातून आठ दिवस घरी असते, बाकी पोर माझ्याकडेच. भांडी घासायच्या जुन्या घमेल्यात तिने नदीतला एक झिंगा पाळला आहे. त्याच्या नांग्या मोजते, तो कात टाकतो त्या तारखा वहीत लिहिते. येत्या ऑगस्टमध्ये ती सहावीत जाईल. सहावीपासून तुझी अकादमी सुरू होते, आणि आमच्या पायऱ्यांपासून तिच्या दारापर्यंत बासष्ट पावलं आहेत. झनायानेच मोजली.

काल सोडतीचं पत्र आलं. प्रतीक्षा यादीत एकशे त्रेचाळिसावी. तोवर तिने सकाळी सहा चाळीसची बस धरून टिलमन अव्हेन्यूच्या शाळेत जायचं. तिथल्या प्रयोगशाळेला दोन वर्षं कुलूप आहे.

गंमत पुढेच आहे. अर्जासाठी तुम्ही फोटोवाला आणला होता ना, त्याने काढलेला झनायाचा फोटो अजून शाळेच्या भिंतीवर आहे. दोन मजली बॅनर. सात वर्षांची झनाया, पुढचे दोन दात नाहीत, तोंडभर हसते आहे, आणि खाली लिहिलंय, ‘प्रत्येक मुलासाठी जागा’. माझ्या खिडकीतून दुसरं काही दिसतच नाही. काल पोर ते पत्र हातात धरून खिडकीशी उभी होती. म्हणाली, “आजी, मी आत आहे की बाहेर?”

मी तुझ्याकडे काही मागत नाही. फक्त कळवलं.

व्हर्लीन

हार्लन स्ट्रीट
२ मे २०१९

जिल्हा शिक्षण कार्यालयातल्या कॉर्लिसबाईंस,

आपलं छापील उत्तर पोचलं. सख्ख्या बहिणीला कार्यालयाच्या शिक्क्याचा कागद पाठवायला जी छाती लागते ती तुला आहे, हे मान्य. ‘आपल्या भावनांचा आम्ही आदर करतो.’ आम्ही म्हणजे कोण ग? ‘विविधतेप्रती आम्ही कटिबद्ध आहोत.’ माझ्याशी दोन शब्द बोलायला मात्र तू कटिबद्ध नाहीस. सही तेवढी हाताने केलीस, त्यावरून कळलं की वाचलंस.

मग मीच गेले आत. जाकीट न काढता. डॉ. ट्रेंटहॅम तुझे मुख्याध्यापक. गळ्यात माशांच्या चित्रांचा टाय. मला बघून खुर्चीतून उठले.

“मिसेस टिस्डेल! तुम्ही म्हणजे या शाळेचा आत्मा आहात.”

“म्हणून बाहेर उभा केलाय का?” मी म्हटलं. “सहावीच्या वर्गांत अडतीस खुर्च्या रिकाम्या आहेत. सफाईवाला ऑर्विल रोज त्या पुसतो, त्याने सांगितलं.”

“त्या रिकाम्या नाहीत. राखीव आहेत.”

“कुणासाठी?”

“उपनगरातल्या मुलांसाठी. ईस्ट हॅलम आणि तिकडची.”

“कुठे आहेत ती?”

“यायची आहेत.”

“कधीपासून?”

त्यांनी टाय सारखा केला. “मागची दोन वर्षं थोडा प्रतिसाद कमी आहे.”

“मग तोवर माझी नात बसेल. ती मुलं आली की उठेल. उठायची सवय आहे आमच्या लोकांना.”

बिचारे लालबुंद झाले. मग मला समजावून सांगितलं, लहान मुलाला सांगतात तसं. निम्म्या जागा शहराच्या, निम्म्या उपनगरांच्या. शहरातलं एक जरी मूल जास्त घेतलं तर प्रमाण बिघडतं. प्रमाण बिघडलं की पुढच्या वर्षीचं अनुदान धोक्यात. म्हणून खुर्ची रिकामी राहिली तर चालेल, चुकीचं मूल बसलेलं चालणार नाही. हे तुझ्याच अर्जातलं आहे असंही म्हणाले, आणि अर्जाची तारीफ केली. माझी बहीण हुशारच आहे, मी म्हटलं. अडतीस खुर्च्या हवेला बसायला दिल्या, आणि दिल्लीत काय, वॉशिंग्टनमध्येसुद्धा कुणाला कळलं नाही. दिल्ली हा शब्द आमच्या चर्चमधल्या केरळच्या नर्सकडून उचलला आहे, तिच्या तोंडी सारखा असतो.

तुझ्या चुंबकाला लागलेलं लोखंडही पाहिलं. मागच्या शनिवारी शाळा बघायचा दिवस होता. ईस्ट हॅलमची एक बाई कोपऱ्यावर गाडी थांबवून काच बोटभर खाली करून मला विचारते, “इथे गाडी लावली तर चालेल ना? म्हणजे... ठीक राहील ना?”

“खुशाल लावा,” मी म्हटलं. “तुमच्या गाडीहून बऱ्या आहेत आमच्याकडे.”

तासाभराने बाहेर आली तेव्हा डोळ्यांत पाणी. मासे बघून गहिवरली होती. “काय सुंदर काम चाललंय इथे! अशा शाळा असायलाच हव्यात.” मग मुलगा येणार का, विचारलं. तर म्हणते, “नाही हो, बसमध्ये चाळीस मिनिटं फार होतात त्याला. पण मी सगळ्यांना सांगणार आहे.” आणि गेली सगळ्यांना सांगायला.

नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, दुसरं काय.

व्हर्लीन टिस्डेल
(प्रतीक्षा यादी क्रमांक १४३ ची आजी)

हार्लन स्ट्रीट
३ जून २०१९

कॉर्लिस,

या वेळी शिक्क्याचा कागद नव्हता. साध्या कार्डावर एक ओळ: ‘व्हर्ल, फॉर्म वेळेत भरला होतास का?’

कार्ड तीन आठवडे फ्रिजवर चिकटवून ठेवलं. तुझा खवचटपणा आहे म्हणून चिडले, फाडणार होते. फाडलं नाही, कारण प्रश्न बरोबर आहे.

नाही भरला.

जानेवारीत तू तो टपालाने पाठवला होतास. सही कुठे करायची तिथे पिवळ्या चिठ्ठ्या चिकटवून. पाकीट उघडल्याबरोबर माझं डोकं फिरलं. या घरातून तीन पिढ्या समोरच्या शाळेत गेल्या. आई गेली, आपण गेलो, लॉरेटा गेली. पहिल्या दिवशी पोराचा हात धरायचा, लशीचं कार्ड दाखवायचं, रस्ता ओलांडायचा, झालं. घरासमोरच्या शाळेसाठी सोडत? मी काय घर मागतेय सरकारकडे? म्हटलं, समोर राहतो आपण, कोण अडवतंय बघू. झिंग्याचं घमेलं खालून पाझरत होतं, त्याच्याखाली तो फॉर्म घडी करून सारला.

मुदत फेब्रुवारीत संपली. मार्चमध्ये शेजारच्या मुलाला पत्र आलं तेव्हा मी धावत जाऊन दुसरा फॉर्म भरला. उशिराचे अर्ज यादीच्या शेवटी लावतात. म्हणून एकशे त्रेचाळीस. पहिल्या पत्रात मी हे लिहिलं नाही आणि ट्रेंटहॅमलाही सांगितलं नाही.

पोरीला कळलं. घमेल्याचं पाणी बदलताना तिला तो कागद सापडला.  पिवळ्या चिठ्ठ्यांसकट तिने तो कपड्यांच्या दोरीवर वाळत घातला, कॉर्लिस. मी कोपऱ्यावरून परत आले तर दोन मोज्यांच्या मध्ये फडफडत होता. मी काढला, ती बघत होती, आणि आम्ही दोघी जेवायला बसलो.  तुमच्या सगळ्यांचा तिरस्कार करायला मला फार आवडतं, आणि त्याची किंमत पोरीने भरली.

म्हणून आता मागते. तोंड वर करून मागते, कारण तोंड खाली घालायची मला सवय नाही. ईस्ट हॅलमच्या अडतीस खुर्च्या रिकाम्या आहेत आणि तू ईस्ट हॅलमला राहतेस. उपनगराचे अर्ज ऑगस्टपर्यंत घेतात, ऑर्विलने विचारून सांगितलं. तुझं विजेचं बिल दे. झनाया तुझ्याकडे राहते असं लिही. कोर्टाने पोरांचा रंग बघायला मनाई केल्यापासून तुम्ही पत्ता बघता, होय ना? म्हणजे तीच काळी पोर ईस्ट हॅलमच्या पत्त्यावर गेली की विविधता, आणि हार्लन स्ट्रीटवर राहिली की गर्दी. काखेत कळसा आणि गावाला वळसा. वळसा तर वळसा, घालू.

बिलाची प्रत पुरे. मूळ नको.

व्हर्लीन

हार्लन स्ट्रीट
२४ जून २०१९

कॉर्लिस,

काल मी फोन आपटला. तीन वर्षांनी तुझा आवाज ऐकला आणि चार मिनिटांत आपटला. तू काय म्हणालीस ते मी इथे लिहून काढते, म्हणजे मला पुन्हा वाचता येईल.

तू म्हणालीस, “खोटा पत्ता मी देणार नाही.”

मी म्हटलं, “नोकरी जाईल म्हणून?”

“माझी जाईल ती जाऊ दे. तिला काढतील, व्हर्ल. भर सत्रात, सगळ्या वर्गासमोर. मुलं खरंच कुठे राहतात ते बघायला माणूस पाठवतात, सकाळी सहाला गाडी लावून बसतो तो. आणि तू तर शाळेच्या दारात उभी असतेस. पहिल्या आठवड्यात सापडेल.”

“नियम तुझेच.”

“माझेच. म्हणून मला माहीत आहेत.” मग म्हणालीस, “खरंच राहू दे तिला माझ्याकडे. लॉरेटाने पालकत्वाच्या कागदावर सही केली की खोटं काही उरत नाही. सोमवार ते शुक्रवार माझ्याकडे, शनिवार-रविवार तुझ्याकडे.”

वा! शाळा घेतलीस, स्वयंपाकघर घेतलंस, आता पोरगी. ईस्ट हॅलमला! जिथे रस्त्याला फुटपाथ नाही, कारण पायी चालणारा माणूस दिसला की लोक पोलिसांना फोन करतात. जिथे शेजारी एकमेकांच्या गवताची उंची मोजतात. तुझ्या त्या स्वयंपाकघरात, जिथे मधोमध दगडी ओटा आहे आणि त्यावर लिंबांची परडी ठेवतेस, जी लिंबं कुणी पिळत नाही. बासष्ट पावलांवरच्या शाळेत जायला पोरीने बारा मैल लांब राहायला जायचं, आणि तिथून बसने परत माझ्या दारासमोर यायचं. एवढी अक्कल एका माणसाला असू शकत नाही, यासाठी अख्खं सरकारी खातंच लागतं.

हे सगळं मी तुला फोनवर सांगणार होते, पण आपटून बसले. मग वळून बघते तर झनाया जिन्यावर. सगळं ऐकलेलं.

“आजी, ईस्ट हॅलमला नदी आहे?”

“आहे. हीच. वरच्या अंगाला.”

“म्हणजे पाणी आधी त्यांच्याकडे जातं आणि मग आपल्याकडे येतं.”

“सगळंच आधी त्यांच्याकडे जातं.”

“मग तिथले झिंगे बघायला हवेत,” ती म्हणाली. “आपल्याकडचे लहान का, ते कळेल.”

मी म्हटलं, “तुला जायचंय तिकडे? त्या बाईकडे? तीन वर्षांत तिने तुला एक फोन केला नाही.”

“तिने वाढदिवसाला दर वर्षी कार्ड पाठवलं होतं. तू कपाटात ठेवतेस ती.” हे सांगताना तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, नखं कुरतडत होती. “मला तिकडे नाही जायचं, आजी. मला समोर जायचंय. पण तिकडूनच समोर जाता येत असेल तर तिकडून.”

विचार करून कळवते. माझ्याकडून एवढंच ऐकायला मिळेल तुला.

व्हर्लीन

हार्लन स्ट्रीट
११ ऑगस्ट २०१९

कॉर्लिस,

लॉरेटाने सही केली. रस्त्यात, ट्रकच्या टायरवर कागद ठेवून केली, म्हणून सहीखाली काळा डाग आहे. तुमच्या कार्यालयाला चालत नसेल तर त्यांनी टायर धुवायला यावं.

शनिवारी तिला आणून सोडेन. खाली लिहिलंय ते नीट वाच. तुला मूल नाही, आणि मुलांबद्दल तुझं ज्ञान अहवालातलं आहे.

वेण्या मी रविवारी संध्याकाळी घालून पाठवीन, त्या शुक्रवारपर्यंत टिकतात. झोपताना डोक्याला सॅटिनचा रुमाल बांधायचा, नाहीतर केस तुटतात. विसरली म्हणेल, विसरत नाही, आळस करते. ईस्ट हॅलमच्या कुठल्या केशकर्तनालयात तिला नेशील तर याद राख, तिथे आपल्या केसांना हात लावायची कुणाची अक्कल नाही. सकाळी ओट नको, ते तिला कागदाच्या लगद्यासारखे लागतात. मक्याची लापशी कर, मीठ-लोण्याची. आई करायची तशी. जमत असेल अजून.

झिंग्याचं नाव डीकन. नळाचं पाणी त्याला थेट घालायचं नाही, आदल्या दिवशी भांड्यात काढून ठेवायचं, नाहीतर त्यातल्या औषधाने मरेल. तो कात टाकतो तेव्हा मेला असं वाटतं. मेलेला नसतो. फेकू नकोस.

दात घासले का विचारलं तर हो म्हणते. ब्रश ओला आहे का ते बघायचं.

आता दुसरी गोष्ट, आणि ही मी एकदाच लिहिणार आहे. तीन वर्षांपूर्वीच्या त्या सभेत, चर्चच्या तळघरात, सगळ्या वस्तीसमोर मी उभी राहून तुझ्या अर्जातलं वाक्य वाचलं होतं. ‘निवड करायची मुभा असलेला कोणताही पालक ही शाळा निवडणार नाही.’ वाचलं आणि म्हटलं, ही माझी बहीण, हिला याच शाळेने वाचायला शिकवलं, आणि आज ही गोऱ्यांच्या अंगणात बसून आईच्या ताटात थुंकते आहे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तू पर्स उचलून निघून गेलीस. टाळ्या मला फार गोड लागल्या.

पण त्या वर्षी तिसऱ्या मजल्याचं छत गळत होतं, कॉर्लिस, आणि पाचवीतल्या अर्ध्या पोरांना जेवणाच्या खोलीतली पाटी वाचता येत नव्हती. ‘आज दूध संपले’ असं मी लिहून ठेवायचे आणि ती पोरं येऊन विचारायची, दूध आहे का? रोज विचारायची. मला ठाऊक होतं, मी वाढणारी होते. सभेत हे सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर तुझं वाक्य खरं ठरलं असतं.

वाक्य खरं होतं. तरी तू ते लिहायला नको होतंस. निदान आधी मला वाचून दाखवायचंस.

पुढे काही लिहीत नाही, गुडघा दुखतोय.

व्हर्ल

हार्लन स्ट्रीट
२८ ऑगस्ट २०१९

कॉरी,

पहिला दिवस कसा गेला असं तू पोरीला विचारशील आणि ती ‘बरा’ म्हणेल. म्हणून मी लिहिते.

सव्वासातला मी कोपऱ्यावर. शाळा उघडायचा सोहळा होता, म्हणून शिक्षण अधीक्षकांची काळी गाडी येणार होती, फोटोवाला आधीच आला होता. तुझा ट्रेंटहॅम नवीन टाय घालून दारात. या टायवर बेडूक होते.

उपनगराच्या बसेस आतल्या आवारात जातात, थेट दाराशी थांबतात. म्हणजे तिकडच्या पोरांना हार्लन स्ट्रीटवर पाऊलसुद्धा ठेवावं लागत नाही. हेही तुझ्याच अर्जात असणार, ‘सुरक्षितता’ या मथळ्याखाली. नऊ नंबरची बस आली. पंचेचाळीस जणांच्या बसमधून चार पोरं उतरली. चौथी आपली. तू तिला निळा फ्रॉक घातला होतास. इस्त्री छान होती, आणि लापशीचा डाग कॉलरवर होता, त्यावरून कळलं काय ते.

ट्रेंटहॅमने धावत जाऊन तिच्या खांद्यावर हात ठेवला. अधीक्षकांची गाडी अजून लांब होती, पण फोटोवाला तयार. ट्रेंटहॅम त्याला मोठ्याने सांगतोय, मला रस्त्यावर ऐकू येत होतं, “ही आमची नवी विद्यार्थिनी. ईस्ट हॅलमहून आलीय! बघा, हेच आमचं यश.” आणि पोरीला त्याने भिंतीपाशी उभं केलं. तिच्याच बॅनरखाली, कॉरी. वर दोन मजले उंच तीच हसते आहे, दात नसलेली, आणि खाली तीच उभी आहे, सगळे दात आलेली, आणि दोघींकडे बघून एकालाही काही कळत नाही. फोटोवाला म्हणतोय, “जरा हस ना, बाळ.” ती काही हसली नाही.

मला वाटलं आता ती आत जाईल. सदतीस खुर्च्या उरतील. झालं काम.

ती आत गेली नाही. दप्तर पाठीवर सावरून आवारातून सरळ बाहेर आली, फाटकातून, माझ्या कोपऱ्यावर. माझ्यासमोर उभी राहिली.

“मॅडम, मला रस्ता ओलांडायचाय.”

“कुठे जायचंय?”

“पलीकडे. घरी.”

“शाळा तर इकडे आहे.”

“माहितीय. लगेच परत येते.”

मी पाटी वर केली. दोन्हीकडची रहदारी थांबली. आवाराच्या तोंडाशी बसेस थांबल्या, आणि त्यांच्या मागे ती काळी गाडीही थांबली. मी पोरीचा हात धरून रस्ता ओलांडला, सावकाश, गुडघ्याला झेपेल तसा. तिने आपल्या पहिल्या पायरीवर पाऊल ठेवलं, दार उघडून आत डोकावली आणि घमेल्याची रिकामी जागा बघून परत आली. मी पुन्हा पाटी वर केली. बसेस पुन्हा थांबल्या. कुणीतरी हॉर्न वाजवला.

ट्रेंटहॅम फाटकात येऊन हात हलवत होता. “मिसेस टिस्डेल! ती मुलगी बसने आत उतरली होती! तिला रस्ता ओलांडायचं काही कारण नाही!”

“मूल रस्त्यावर असेपर्यंत मी पाटी खाली घेत नाही,” मी म्हटलं. “नियम आहे.”

अधीक्षकांनी काच खाली करून बघितलं. बघू देत.

शाळेच्या बाजूला पोचल्यावर पोरीने माझा हात सोडला आणि म्हणाली, “उद्या पण.” मग दारापर्यंत चालत गेली, आपल्या पायरीपासून बरोबर बासष्ट पावलं, मी मोजली, आणि माशांच्या टाकीशी थांबून तिने काचेला नाक लावलं. घंटा होईपर्यंत तिथेच होती.

तुझ्या नियमात हे कुठे बसत असेल तर बसव. नसेल बसत तर मी रोज बसेस थांबवीन, माझी नोकरीच ती आहे. शुक्रवारी ती शाळा सुटल्यावर सरळ घरी येईल, बसची वाट बघू नकोस. रविवारी संध्याकाळी तिला न्यायला येशील तेव्हा गाडीतूनच हॉर्न वाजवू नकोस. इंजिन बंद कर आणि वर ये. वेण्या घालायला दोघी असलो तर तासाचं काम अर्ध्या तासात होईल. मॅकरोनी ओव्हनमध्ये असेल, आईच्या पद्धतीची, वरून करपवलेली.

पत्ता तुला ठाऊक आहे.

व्हर्ल